एका पौंडाला विकलेला क्लब

इंग्लंडमध्ये मँचेस्टर शहराच्या उत्तरेला बेरी नावाचे एक जुने गिरणगाव आहे. तेथील बेरी फुटबॉल क्लब १८८५ साली स्थापन झाला. इंग्लंडमधली सर्वांत जुनी आणि मानाची स्पर्धा म्हणजे एफ. ए. कप. या क्लबने ती दोनदा जिंकली, १९०० साली आणि १९०३ साली. १९०३ च्या अंतिम सामन्यात तर त्यांनी डर्बी काउंटीचा सहा-शून्य असा फडशा पाडला होता. असा हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये विकला गेला. किंमत एक पौंड. तेव्हाच्या दराने आपले नव्वद रुपये. दादरच्या फुलबाजारात एवढ्या पैशांत धड हारही येत नाही. पुढे नऊ महिनेही झाले नाहीत तोच, २७ ऑगस्ट २०१९ च्या रात्री, लीगने या क्लबला बाहेर काढले. १८९४ पासून, म्हणजे सव्वाशे वर्षे, तो लीगमध्ये होता.

वाचक बंधू-भगिनी विचारतील, की पतसंस्थेत कारकुनी करणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी गिरणी कामगारांना घरांचे अर्ज भरून देणाऱ्या बाईला विलायतेतल्या फुटबॉलचे काय पडले आहे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर म्हणजे माझा भाचा. २०२३ साली तो सरकारी शिष्यवृत्तीवर सॅल्फर्डला शिकायला गेला. मँचेस्टरच्या दोन बड्या क्लबांचे तिकीट परवडेना, म्हणून एका शनिवारी मित्राबरोबर ट्रामने बेरीला गेला आणि तिथलाच झाला. आता शिक्षण संपून नोकरी लागली तरी शनिवार चुकत नाही. दर रविवारी त्याचा फोन येतो. आजीची तब्येत, जेवणखाण वगैरे झाले की बेरीचा सामना सुरू. एकदा म्हणाला, "मावशी, तू जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिलेस. आता जरा या क्लबांचे बघ."

इंग्लंडमध्ये कोणत्याही कंपनीचे वार्षिक हिशेब सरकारी निबंधकाकडून कोणालाही फुकट पाहता येतात. मला बी. कॉम. होऊन पंचवीस वर्षे होत आली. पण ताळेबंद पाहिला की अजून हात शिवशिवतात. लोक रात्री मालिका पाहतात, मी त्या क्लबांचे ताळेबंद पाहू लागले. एकाचा पाहिला, दुसऱ्याचा पाहिला, पाच-सहा पाहिले. क्लबाची नावे बदलत, गोष्ट एकच. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी तोटा. ताळेबंदात देण्याच्या बाजूला एक भला मोठा आकडा: मालकाकडून घेतलेले कर्ज.

हे असे का होते, ते समजायला तिथल्या लीगची शिडी समजून घ्यावी लागते. सर्वांत वरच्या पायरीवर प्रीमियर लीग, त्यात २० क्लब. तिच्याखाली तीन पायऱ्या, प्रत्येकी २४ असे ७२ क्लब. त्यांच्याही खाली पायऱ्याच पायऱ्या, थेट गावकुसातल्या मैदानापर्यंत. दरवर्षी वरच्या पायरीवरचे शेवटचे काही संघ खाली येतात आणि खालच्या पायरीवरचे पहिले काही वर जातात. आपल्या आयपीएलमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच खेळतो. तिथे तसे नाही. खेळाच्या दृष्टीने मला हे फार न्यायाचे वाटते. कोणीही जन्माने वर नाही आणि कोणीही जन्माने खाली नाही.

पण पैशाची वाटणी काही या न्यायाने होत नाही. २०१८-१९ च्या मोसमात प्रीमियर लीगमध्ये अगदी शेवटच्या आलेल्या हडर्सफील्ड क्लबलाही लीगकडून साडेनऊ कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली, मुख्यतः दूरदर्शनच्या हक्कांतून. दोन-तीन पायऱ्या खाली बेरीसारख्या क्लबला मिळतो तो या ताटातला खरकटा घास. त्यांची भिस्त तिकिटांवर, जाहिरातींच्या फलकांवर आणि सामन्याच्या दिवशीच्या खाण्यापिण्यावर. साहजिकच प्रत्येक मालकाला वाटते, की दोन वर्षे चांगले खेळाडू घेऊ, पगार वाढवू, वर चढू, मग सगळे फिटेल. पण चढणार दोघे-तिघे. उरलेल्यांनी वाढवलेले पगार तसेच राहतात. मटक्याच्या अड्ड्यावर घराचे भाडे लावण्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे भाडे दुसऱ्याचे असते.

यावर लीगचे नियम नव्हते असे नाही. खालच्या दोन पायऱ्यांवर पगारखर्च उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत ठेवावा असा नियम होता. पण मालकाने देणगी म्हणून किंवा भागभांडवल म्हणून घातलेला पैसाही उत्पन्नात धरायची मुभा होती! आमच्या पतसंस्थेत असे कोणी मांडले असते तर लेखापरीक्षकाने लाल शाईने अर्धे पान भरले असते. मालकाचा खिसा म्हणजे क्लबचे उत्पन्न नव्हे. तो खिसा उद्या रिकामा झाला, किंवा मालकाचे मन फिरले, तर?

सगळ्यांच्या बाबतीत एकदम असे घडल्याचे उदाहरणही आहे. २००२ साली आयटीव्ही डिजिटल ही दूरदर्शन कंपनी बुडाली. तिने खालच्या ७२ क्लबांशी तीन वर्षांचा साडेएकतीस कोटी पौंडांचा करार केला होता, त्यातले सुमारे अठरा कोटी यायचे राहिले. क्लबांनी ते पैसे येणारच असे धरून खेळाडूंशी करार करून ठेवले होते. पुढच्या काळात एकामागून एक क्लबांवर प्रशासक आले.

प्रशासक हा शब्द आपल्या सहकारातल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. संस्था देणी देऊ शकत नाही असे दिसले की कारभार त्याच्या हाती जातो आणि धनकोंची रांग लागते. फुटबॉलमधली गोम या रांगेत आहे. तिथे लीगचा नियम असा, की खेळाडूंचे थकलेले पगार आणि दुसऱ्या क्लबांची देणी पूर्ण द्यायची, नाहीतर लीगमध्ये जागा नाही. मग उरलेल्यांना जे काही येईल ते. उरलेले म्हणजे कोण? सरकारी कर, छपाईवाला, खाद्यपदार्थ पुरवणारा, मैदानाची देखभाल करणारा. २०१० साली पोर्टस्मथ क्लब प्रशासकाकडे गेला तेव्हा थकलेल्या धनकोंच्या यादीत सेंट जॉन अँब्युलन्स ही प्रथमोपचाराची सेवाभावी संस्थाही होती. मैदानावर कोणी कोसळला तर धावून जाणारे हे लोक. तिथल्या करखात्याने या नियमाविरुद्ध न्यायालयात दाद मागितली, २०१२ साली निकाल लागला आणि करखाते हरले. खेळाडूला पगार मिळू नये असे मी कधी म्हणणार नाही. मी कामगाराची मुलगी आहे. पण धोबी आणि छपाईवाला हेही कामगारच आहेत.

आता बेरीची हकीकत. २०१३ पासून क्लब स्टुअर्ट डे नावाच्या बांधकाम व्यावसायिकाकडे होता. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे बांधण्याचा त्याचा धंदा. त्याने क्लबमध्ये पैसा ओतला हे खरे, पण त्याच्या काळात गिग लेन हे क्लबचे मैदान गहाण पडले. सावकारी वित्तसंस्थेचे सुमारे सदतीस लाख पौंड त्यावर चढले. एवढेच नव्हे, मैदानाच्या आवारातल्या मोटारी उभ्या करायच्या जागासुद्धा सुट्या सुट्या करून गुंतवणूकदारांना विकल्या गेल्या. हे वाचताना मी थांबलेच. क्लब खेळतो आहे, पोरे गोल मारताहेत, लोक टाळ्या वाजवताहेत, आणि पायाखालची जमीन चौरस फुटाने चालली आहे!

डे याच्या कंपन्या अडचणीत आल्यावर त्याने एक पौंड घेऊन क्लब स्टीव्ह डेल या व्यावसायिकाला देऊन टाकला. पैसे आहेत की नाहीत याचा पुरावा लीगने पडताळण्याआधीच व्यवहार झालासुद्धा. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. आपण फुटबॉलचे शौकीन नाही आणि बेरीला फुटबॉलचा संघ आहे हेही आपल्याला ठाऊक नव्हते, असे हे नवे मालक पुढे रेडिओच्या मुलाखतीत म्हणाले. आमच्या संस्थेत पाच हजारांचे कर्ज मागणाऱ्या भाजीवालीला दोन जामीनदार, शिधापत्रिका आणि तीन महिन्यांचा खाते-उतारा आणायला सांगतो आम्ही.

नवल म्हणजे त्याच मोसमात संघ उत्तम खेळला. पगार थकलेले असताना खेळाडूंनी बेरीला चौथ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर चढवले. मे २०१९ मध्ये तिथून सुमारे दहा मैलांवरच्या मँचेस्टर सिटीने एफ. ए. कपचा अंतिम सामना सहा-शून्य असा जिंकून बेरीच्या १९०३ च्या विक्रमाशी बरोबरी केली. सिटीचे मालक अबूधाबीच्या राजघराण्यातले. एका गावात तेलाचा पैसा, शेजारच्या गावात पगाराची बोंब.

जुलैत धनकोंशी तडजोड झाली. खेळाडू आणि इतर क्लब यांना पूर्ण रक्कम, बाकीच्यांना पौंडामागे पंचवीस पेन्स, म्हणजे रुपयाला चार आणे. या तडजोडीबद्दल लीगने बारा गुण कापले. ऑगस्टमध्ये मोसम सुरू झाला, पण पैशाची हमी दाखवता येईना म्हणून बेरीचे सामने एकामागून एक पुढे ढकलले गेले. एका माजी संचालिकेने स्वतःला बेडीने मैदानाच्या इमारतीच्या पाइपला जखडून घेतले. २७ ऑगस्टला संध्याकाळी पाचची मुदत होती. त्या दिवशी शेकडो माणसे झाडू, बादल्या, फडकी घेऊन गिग लेनवर जमली; खरेदीदार मिळाला आहे, शनिवारी सामना होणार, मैदान तयार हवे, म्हणून. कोणी खुर्च्या पुसत होते, कोणी गवत उपटत होते. आणि त्याच दुपारी खरेदीदार कंपनीने अंग काढून घेतले. रात्री अकराच्या सुमारास लीगने निर्णय जाहीर केला. शेजारचा बोल्टन क्लबही त्याच दिवशी काठावर होता. त्याला चौदा दिवसांची मुदत मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याची विक्री झाली, तो वाचला.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी रांगत होते. संप रीतसर मागे घेतल्याचे आजवर कोणी सांगितलेले नाही, पण वडिलांची गिरणी परत नीट चालली नाही. ते फाटकापर्यंत जात, नोटीस वाचत आणि परत येत. आई सांगते, की किती तरी वर्षे त्यांना वाटे, मालक यंत्रे विकेल पण गिरणी कशी विकेल? गिरणी म्हणजे यंत्रे आणि माणसे, असा त्यांचा हिशेब. मालकाच्या हिशेबात गिरणी म्हणजे जमीन होती. १९९१ च्या नियमात त्या जमिनीचे तीन वाटे ठरले, एक पालिकेचा, एक म्हाडाचा, एक मालकाचा. २००१ साली नियम असा वाकवला, की फक्त मोकळ्या जमिनीचीच वाटणी करायची; शेडखालची सगळी मालकाकडे. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. तेव्हापासून आम्ही वाटण्यातल्या वाटण्यातून उरलेल्या घरांचे अर्ज भरतो आहोत.

म्हणून गिग लेनच्या गहाणखताची हकीकत मला अनोळखी वाटली नाही. बेरीही गिरणीचेच गाव. आपल्या वऱ्हाड-खानदेशातला कापूस ज्या लँकेशायरला जाई, त्यातलेच. तिथल्या गिरण्या मुंबईच्या आधी मोडल्या. क्लब मात्र उरला होता. आजोबांनी बापाला नेले, बापाने मुलाला नेले, अशा चार पिढ्या त्या फळ्यांवर बसल्या. पण ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला मैदान लिहिलेले असते, खेळाडूंच्या कराराची किंमत लिहिलेली असते, अगदी गवत कापायचे यंत्रही घसारा वजा करून लिहिलेले असते. चार पिढ्या कुठल्याच रकान्यात नसतात. जे रकान्यात नाही त्याला विक्रीच्या वेळी कोणी विचारत नाही. हिशेबनिसाचा यात दोष नाही. त्याला तसेच शिकवलेले आहे, मलाही तसेच शिकवले. प्रश्न असा आहे, की जी वस्तू इतक्या लोकांनी जगवली ती एकाच्या सहीने विकता यावी का?

यावर कोणी म्हणेल, चांगला मालक मिळाला तर काय हरकत आहे? तर आता आपल्या पुण्याकडे येऊ. बेरीपासून जवळच ब्लॅकबर्न आहे, तेही कापडाचेच गाव. तिथला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ साली लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी एक. जॅक वॉकर या पोलाद-उद्योजकाच्या पैशावर तो १९९५ साली प्रीमियर लीग जिंकला. वॉकर वारल्यावर त्यांच्या न्यासाने नोव्हेंबर २०१० मध्ये क्लब विकला तो पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजला, म्हणजे आपल्या कोंबडीवाल्या वेंकीजला. महिन्याभरातच अनुभवी प्रशिक्षकाला काढले. २०१२ साली क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. ज्या सामन्यात हे नक्की झाले त्यात प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा गुंडाळलेली एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली! भाच्याने मला ते चित्र पाठवले तेव्हा मी हसले, आणि मग त्या कोंबडीचेच वाईट वाटले. २०१७ साली क्लब तिसऱ्या पायरीवर घसरला, एका वर्षात परत वर आला.

न्यायाने बोलायचे तर पुण्याच्या मालकांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. वर्षानुवर्षे तोटा त्यांनी भरला, पगार दिले. पण पुढे भारतात एका तपासाच्या संदर्भात प्रकरण न्यायालयात गेले आणि इंग्लंडला पैसे पाठवायला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली. आता विचार करा, ब्लॅकबर्नच्या गल्लीतला माणूस तारीख कोणती बघणार? सामन्याची की दिल्लीतल्या सुनावणीची? मालक वाईटच असायला हवा असे नाही. मालक दूर असला, त्याचे दुसरे काम बिघडले, एवढ्यानेही क्लबचा श्वास अडकतो.

मग लोकांनीच क्लब चालवावा का? तेही करून पाहिलेले आहे. एक्झिटर सिटी क्लबची गंमत ऐका. २००२ साली चमचे वाकवून दाखवणारे उरी गेलर तिथे सह-अध्यक्ष होते आणि त्यांनी मायकेल जॅक्सनला मैदानावर आणले होते! टाळ्या झाल्या, गर्दी झाली, पण वर्षभरात क्लब कर्जात रुतला, लीगबाहेर गेला आणि जुन्या कारभाऱ्यांमागे खटले लागले. २००३ साली समर्थकांच्या न्यासाने तो हाती घेतला. जानेवारी २००५ मध्ये चिठ्ठी टाकून मँचेस्टर युनायटेडशी सामना आला, तोही त्यांच्या मैदानावर. एक्झिटरने शून्य-शून्य असा बरोबरीत सोडवला, दुसरा सामना हरले. पण दोन सामन्यांच्या उत्पन्नातून कर्जाचा मोठा बोजा उतरला. पोर्टस्मथला तर दोन हजारांहून अधिक समर्थकांनी हजार-हजार पौंडांचे भाग घेऊन २०१३ साली क्लब सोडवला. चार वर्षांनी त्यांनीच मतदान करून तो डिस्ने कंपनीच्या माजी प्रमुखाला, मायकेल आयस्नर यांना विकला. काहींना हे पटले नाही. मला त्यात वावगे दिसत नाही. विकला तो ज्यांचा होता त्यांनी, रीतसर मत देऊन.

विम्बल्डनची जिद्द मात्र वेगळीच. २००२ साली त्यांचा क्लब मालकांनी उचलून पन्नास-साठ मैलांवरच्या मिल्टन कीन्स शहरात न्यायचे ठरवले आणि फुटबॉल संघटनेच्या आयोगाने परवानगी दिली. क्लब हलवला म्हणजे जणू दुकानाची पाटी हलवली. समर्थकांनी नवा क्लब काढला, खेळाडू निवडण्यासाठी उघड्या माळावर चाचणी ठेवली, खालून नवव्या पायरीपासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत, २०११ साली, लीगमध्ये परतले. २०२० साली आपल्या जुन्या मैदानाजवळ त्यांनी स्वतःचे मैदान बांधले. तो क्लब समर्थकांच्याच मालकीचा आहे.

बेरीत इतके सरळ झाले नाही. क्लब गेल्यावर लोकांत दोन तट पडले. एकांनी लगेच नवा क्लब काढला आणि तो २०२० पासून शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळू लागला. दुसरे म्हणाले, जुने नाव आणि गिग लेन सोडून आम्ही कुठेही येणार नाही. वर्षभरापूर्वी एका बाकावर बसणारी माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली. आपल्या वाचकांना गट म्हणजे काय, हे मी सांगायला नको. दोन्ही बाजू प्रामाणिक, आणि तेच अवघड. फेब्रुवारी २०२२ मध्ये जुन्यांनी गिग लेन विकत घेतले. त्यात सरकारच्या सामुदायिक मालकी निधीचे दहा लाख पौंड होते, परदेशी असलेल्या एका समर्थकाचे पैसे होते. नगरपालिकेनेही मदत देऊ केली, पण दोन्ही गट एक झाले तरच. आता मैदान एकाकडे, संघ दुसऱ्याकडे. ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान झाले. दोन्ही संस्थांत दोन-तृतीयांश मते हवी होती. एकीकडे भरभरून पडली, दुसरीकडे थोडक्यात कमी पडली, एकी फिसकटली.

भाच्याच्या शेजारच्या खुर्चीवर एक सत्तरीचे गृहस्थ बसतात. त्यांनी त्याला सांगितले, की त्या रात्री त्यांच्या घरात बाप-लेकांचे भांडण झाले, कारण दोघांनी दोन बाजूंना मत दिले होते. मे २०२३ मध्ये पुन्हा मतदान झाले आणि या वेळी दोन्हीकडे पुरेशी मते पडली. त्या उन्हाळ्यात बेरी फुटबॉल क्लब याच नावाने संघ गिग लेनवर परतला, पण नवव्या पायरीवर. जिथे शे-दोनशे प्रेक्षक म्हणजे पुष्कळ, तिथे बेरीच्या सामन्यांना सरासरी तीन हजारांहून जास्त माणसे येऊ लागली. २०२५ साली ती पायरी जिंकून ते आठव्या पायरीवर चढले.

बेरीच्या प्रकरणाने सरकारही हलले. २०२१ साली माजी क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी समर्थकांशी बोलून अहवाल दिला आणि जुलै २०२५ मध्ये फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला. आता स्वतंत्र नियामक आहे. क्लबला परवाना घ्यावा लागेल, मालकाचा पैसा कुठून आला ते तपासले जाईल, आणि परवानगीशिवाय मैदान विकता येणार नाही. आमच्या सहकारी संस्थांना निबंधक आहे तसाच हा प्रकार. निबंधक असूनही पतसंस्था बुडतात, ठेवीदार दारात रडतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यामुळे कायद्याने सगळे नीट होईल असे मी म्हणत नाही. पण निबंधकच नसेल तर रडायलाही दार नसते.

कायदा झाला त्याच महिन्यात मोरकॅम या समुद्रकाठच्या गावातल्या क्लबचे तसेच झाले. मालक २०२२ पासून विकायला बसलेला, पगार थकलेले, स्पर्धेतून निलंबन. सामने सुटत चालले तेव्हा ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स नावाच्या ब्रिटनमधल्या शीख गुंतवणूकदारांनी तो घेतला आणि अश्वीर सिंग जोहल या तिशीतल्या तरुणाला प्रशिक्षक नेमले. भाच्याने हे मला मोठ्या आनंदाने सांगितले. मी विचारले, "मैदान कोणाच्या नावावर आहे?" तो म्हणाला, "मावशी, तुला आनंद म्हणून करता येत नाही."

कायदा वरच्या पाच पायऱ्यांना लागू आहे. बेरी आठव्या पायरीवर गेला, म्हणजे ज्याच्यामुळे कायदा झाला तोच कायद्याच्या बाहेर. मी भाच्याला म्हटले, मग तुमच्या क्लबवर देखरेख कोण करणार? "आम्हीच. मी सभासद झालोय. प्रत्येकाला एकच मत, पैसे कितीही असोत. वार्षिक सभेला ये तू हिशेब तपासायला." विमानाचे भाडे त्याच्या त्या सभासद-वर्गणीच्या किती पट होईल कोण जाणे. मी त्याला सांगितले, यायचे नंतर बघू, सभेच्या पंधरा दिवस आधी ताळेबंद पाठव, आणि टिपणांसकट पाठव. सगळे खरे टिपणांत असते.